आपल्या फाइली कुणाच्या घरात आहेत?

(संघाच्या मासिक सभेत मांडलेल्या विषयाचा मजकूर. ज्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी थोडा वाढवून दिला आहे. – क्षेत्र समन्वयक)



विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढे आज ‘फाइल स्थलांतर’ असं लिहिलंय. ते वाचून दोघी-तिघी म्हणाल्या, हे ऑफिसचं काम, आम्हाला कशाला सांगता, तुम्हीच करून टाका. करून टाकता येईल, अवघड नाही. पण ज्या फाइली हलवायच्या आहेत त्या ऑफिसच्या नाहीत. त्यात तुमच्या सह्या आहेत, तुमचे अंगठे आहेत, कर्ज फेडल्याच्या पावत्या आहेत, कुणाच्या घरातलं भांडण मिटवलं त्याचा कागद आहे. म्हणून म्हटलं, ज्यांचा माल आहे त्यांना विचारूनच तो हलवायचा.

आधी काय झालंय ते सांगते. प्रकल्प सुरू झाला तेव्हा सहयोगी संस्थेने कामाच्या नोंदी ठेवायला एक ऑनलाइन सॉफ्टवेअर घेतलं. तुमच्यातल्या सीआरपी ताईंना आणि लेखापाल ताईंना ते माहीत आहे. मोबाईलवर एक फळा दिसतो, फळ्यावर प्रत्येक गटाचं एक कार्ड. कार्ड उघडलं की कोणतं काम कुठपर्यंत आलं ते दिसतं: बँक लिंकेजची फाइल गेली का, फिरता निधी आला का, मसाल्याच्या मशीनचं कोटेशन मिळालं का. त्याच कार्डाला आपण फोटो जोडत गेलो. इतिवृत्ताची पानं, ठराव, बिलं, पासबुक, प्रशिक्षणाची हजेरी. बघता बघता ते आपलं कपाटच झालं. पण ते खातं संस्थेच्या नावावर आहे आणि प्रकल्प ३१ मार्चला संपतोय. त्यानंतर संस्था त्या खात्याचे पैसे भरणार नाही. त्यांनी तसं लेखी कळवलंय, आणि वेळेत कळवलंय, त्यामुळे तक्रार नाही. कपाट मात्र रिकामं करायचंय.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळी गडबड तिथेच होते. फाइल ‘ऑनलाइन आहे’ म्हणजे कुठे आहे? क्लाउड म्हणतात म्हणून ती आभाळात नसते. ती कुठल्यातरी कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये असते, आणि त्या कॉम्प्युटरमधली जागा कुणाच्यातरी नावावर असते. जागा ज्याच्या नावावर, त्याच्या हातात कुलूप.

आणि कार्डाला फाइल जोडायच्या रीती दोन आहेत. एका रीतीत फोटो खरोखर त्या सॉफ्टवेअरच्या कपाटात जातो. दुसऱ्या रीतीत फोटो कुणाच्यातरी गुगल ड्राइव्हमध्ये राहतो आणि कार्डावर नुसती लिंक लागते. स्क्रीनवर दोन्ही जवळजवळ सारखंच दिसतं. पण फरक केवढा बघा. एकीत तुम्ही स्वतः कणगीत ज्वारी भरलीत. दुसरीत कणगीवर चिठ्ठी चिकटवली आहे, ‘ज्वारी शेजारणीकडे आहे’. शेजारीण गाव सोडून गेली, की चिठ्ठी तेवढी उरते.

हे नुसतं सांगण्यापुरतं नाही. गेल्या वर्षी आपल्या एका गटाला बँकेतून फोन आला की तुमच्या कर्जाचा एक हप्ता दिसत नाही, तेव्हा नवीन कर्ज पुढच्या महिन्यात बघू. गटाने हप्ता भरलेला होता. पावती होती. पण ती मशीनमधून निघणारी चकचकीत कागदाची पावती. त्या कागदावर शाई नसते, उष्णतेने अक्षरं उमटतात आणि काही महिन्यांनी आपोआप उडतात. वहीला चिकटवलेल्या पावतीवर नुसता पांढरा कागद राहिला होता. फोटो काढून कार्डाला जोडलेला होता म्हणून सगळ्या निर्धास्त होत्या. कार्ड उघडलं, फोटोवर बोट ठेवलं, तर आलं: ‘तुम्हाला परवानगी नाही’. तो फोटो पूर्वीच्या एका कार्यकर्तीच्या स्वतःच्या ड्राइव्हमध्ये होता आणि ती लग्न होऊन गेली, नोकरी सुटली. तिचा नंबर शोधायला गटाच्या सचिव ताईंनी तिच्या माहेरी माणूस पाठवला. नंबर मिळाला, पोरगी चांगली, तिने त्याच संध्याकाळी परवानगी दिली. पावती दाखवली, बँकेने हप्ता शोधून काढला, कर्ज मिळालं. पण तिने ते खातं बंद केलं असतं तर? त्या गटाला हंगामात हळद घ्यायची होती. एक महिना उशीर म्हणजे तुम्हाला भाव माहीतच आहेत.

असे लिंकवाले कागद किती आहेत ते आम्ही गेल्या पंधरवड्यात कार्डं उघडून बघायला सुरुवात केली. अजून काम चालू आहे. जिथे लिंक आहे तिथे आधी मूळ फाइल मिळवायची, ती माणसं हाताशी आहेत तोवर. हे पहिलं काम.

काही जणी विचारतील, सॉफ्टवेअरमध्ये ‘एक्सपोर्ट’ असं बटण असतं, ते दाबलं की सगळं एकदम बाहेर येत नाही का? दरवेळी येत नाही. उदाहरण म्हणून ट्रेलो नावाचं असंच फळा आणि कार्डांचं सॉफ्टवेअर घ्या, पुष्कळ संस्था वापरतात. त्याच्या फुकट खात्यातून फळा एक्सपोर्ट केला तर ‘जेसॉन’ नावाच्या प्रकारची एक फाइल मिळते. तिच्यात कार्डांवर लिहिलेला मजकूर असतो आणि जोडलेल्या फाइलींचे पत्ते असतात. प्रत्यक्ष फोटो नसतात. म्हणजे परत चिठ्ठ्याच. एक्सपोर्ट झालं म्हणून खातं बंद केलं की पत्ते हातात आणि घरं पाडलेली. म्हणून फाइली एकेक उतरवून घ्यायच्या. कंटाळवाणं आहे, पण तेच खात्रीचं आहे.

आता या फाइली न्यायच्या कुठे?

एक रस्ता असा की तेच सॉफ्टवेअर संघाने स्वतः पैसे भरून चालू ठेवायचं. त्यातल्या बहुतेकांचं भाडं माणशी दरमहा असतं. जितक्या सीआरपी ताई तितकं भाडं, आणि ते कधी थांबत नाही. संघाच्या आजच्या उत्पन्नावर हा खर्च माझ्या मते परवडणारा नाही.

दुसरा रस्ता स्वतःच्या सर्व्हरचा. ओपनप्रोजेक्ट, रेडमाइन अशी सॉफ्टवेअरं फुकट मिळतात, ती आपल्या स्वतःच्या मशीनवर बसवता येतात आणि फाइली आपल्याच डिस्कवर राहतात. ऐकायला फार छान. पण ते मशीन चोवीस तास चालू ठेवायला लाइट पाहिजे, इन्व्हर्टर पाहिजे, बिघडलं तर ओळखणारा माणूस पाहिजे. आपल्याकडे लोडशेडिंगचं वेळापत्रक शेतीपंपाला असतं तसं ऑफिसलाही असल्यासारखंच आहे. हा रस्ता दहा वर्षांनी बघू.

तिसरा रस्ता नुसती हार्ड डिस्क. एकदाच पैसे, पण पडली किंवा चोरीला गेली तर सगळं संपलं. आणि आपल्या भागाला पाणी नवीन नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं त्या इथे बसल्यात. वह्यांचा लगदा कसा होतो ते त्यांना विचारा.

कार्यकारिणीपुढे मी जो प्रस्ताव ठेवलाय तो असा: संघाच्या नावाने नवीन गुगल खातं काढायचं, फाइली त्याच्या ड्राइव्हमध्ये ठेवायच्या, आणि त्याचीच एक प्रत हार्ड डिस्कवर घेऊन ती ऑफिसात न ठेवता दुसऱ्या गावात, उंचावरच्या घरात ठेवायची. कामाचा फळा पुढे कोणताही वापरा. कागद मात्र आपल्या जागेत ठेवायचे आणि फळ्यावर लिंक लावायची. लिंक वाईट नाही. वाईट कधी, तर ती परक्याच्या घराची असते तेव्हा.

फुकट जागा १५ जीबी मिळते आणि त्यातच मेल आणि फोटोही मोजले जातात. पुरेल का? हिशोब करू, आपल्याला हिशोब नवा नाही. शंभर गट धरा. आठवड्याला एक बैठक, इतिवृत्ताचं एक पान, वर्षाला ५२ पानं. शंभर गटांची ५,२०० पानं. मोबाईलचा एक फोटो साधारण ३ एमबीचा धरला तर १५,६०० एमबी, म्हणजे १५ जीबी पहिल्याच वर्षी संपली. जागा संपली की नवीन फाइल चढत नाही आणि त्या खात्यावर मेल येणंही थांबतं. आता तेच पान फोटो न काढता ड्राइव्हच्या ॲपमधल्या कॅमेऱ्याने स्कॅन केलं, तर ते सरळ होतं, कडा कापल्या जातात, पीडीएफ होते आणि सहसा अर्ध्या एमबीच्या आसपास बसते. शंभर गटांचं वर्ष २,६०० एमबीत. पाच-सहा वर्षं निघतील. शिवाय वाचायलाही बरं. अंगठा आणि निम्मी चटई आलेले फोटो मी पुष्कळ बघितलेत.

आता किल्लीचं. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

गटाच्या पेटीला आपण काय करतो? पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीच्या घरी. कुठे तीन कुलपं, तीन किल्ल्या, तिघींच्या कमरेला. हे कुणी शिकवलं आपल्याला? पैशाच्या बाबतीत आपण एवढ्या शहाण्या, आणि फाइलींच्या बाबतीत सगळ्या किल्ल्या एका पोरीच्या मोबाईलमध्ये. ती पोरगी आज मी आहे. उद्या माझी बदली होईल, दुसरी येईल. संघाचं खातं माझ्या नंबरवर असता कामा नये, आणि पुढच्या समन्वयकाच्याही नाही.

मग कसं? खात्याला जो फोन नंबर जोडायचा तो संघाच्या मोबाईलचा, आणि त्याचं रिचार्ज संघाच्या खर्चात दाखवायचं. रिचार्ज बरेच महिने केलं नाही तर कंपनी नंबर बंद करते आणि पुढे दुसऱ्याच माणसाला देते. मग आपल्या खात्याचा ओटीपी त्याच्याकडे. पासवर्ड अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष तिघींना माहीत हवा, आणि पदाधिकारी बदलल्या की बँकेतल्या सह्या बदलतो तसा त्याच सभेत बदलायचा. दोन टप्प्यांची सुरक्षा लावली की गुगल दहा बॅकअप कोड देतं. आठ-आठ आकड्यांचे, एकेक कोड एकदाच चालतो. मोबाईल हरवला तरी त्या कोडने आत जाता येतं. ते छापून, पाकीट बंद करून, वर तिघींच्या सह्या घेऊन संघाच्या तिजोरीत. आणि खातं उघडून बघत राहायचं. दोन वर्षं कुणी फिरकलंच नाही तर गुगल ते खातं पुसून टाकू शकतं, तसा त्यांचा नियमच आहे.

आणखी एक. ड्राइव्हमध्ये फोल्डर सगळ्यांना शेअर करता येतं, पण ज्या खात्यातून फाइल चढवली तेच खातं तिचं मालक. माझ्या खात्यातून चढवून संघाला नुसती दाखवली, तर माझं खातं गेलं की फाइलही गेली. म्हणून चढवायचं काम संघाच्या खात्यातूनच.

प्रत्यक्ष हलवताना काय करायचं ते लेखापाल ताईंनी लिहून घेतलंय, बाकीच्यांनी निदान ऐकून ठेवा, कारण तुमच्या गटाचं काम तुम्हाला तपासायचंय. आधी मोजायचं. कार्डावर किती फाइली, एका वहीत आकडा लिहायचा. मग उतरवायच्या, नाव द्यायचं आणि चढवायच्या. नाव म्हणजे व्हॉट्सॲपवरून येतं तसं ‘आयएमजी’ आणि पुढे आकड्यांची माळ नको. आधी वर्ष, मग महिना, मग गट, मग कागद: ‘२०२३-०८ अमुक गट कर्ज ठराव’. वर्ष पुढे असलं की फाइली आपोआप तारखेच्या ओळीत लागतात. हे आत्ताच करायला हवं, कारण उतरवलेल्या फाइलीवर आजची तारीख पडते आणि चार वर्षांपूर्वीचा ठराव आजचा दिसायला लागतो. कागदावरची तारीख वाचून नाव द्या. चढवून झालं की पुन्हा मोजायचं आणि नुसतं मोजून थांबायचं नाही, प्रत्येक फाइल उघडून बघायची. नाव असतं, आत काही नसतं, असंही होतं. तोवर जुन्या जागेतलं काही पुसायचं नाही. घर बदलताना चूल शेवटी हलवतात तसं.

कार्डाखाली जे बोलणं लिहिलेलं असतं तेही घ्यायचं. ‘या बिलात रक्कम चुकली, दुसरं बिल जोडलंय’ असं एका ओळीत लिहिलेलं असतं. फक्त दोन बिलं नेली आणि ती ओळ मागे राहिली, तर तीन वर्षांनी हिशोब तपासणारा विचारेल, एका मशीनची दोन बिलं कशी? म्हणून कार्डाची छपाई घेतो तशी पीडीएफ करून फाइलींच्या शेजारी ठेवायची.

आता ज्यावर मला तुमचं मत हवंय ते. सगळंच न्यायचं का?

मला वाटतं, नाही. कार्डांवर आधारचे फोटो आहेत. तेव्हा कुणीतरी मागितले, आपण टाकले. दवाखान्याचे कागद आहेत. एका-दोन ठिकाणी घरातल्या मारहाणीचे अर्ज आहेत, जे गटाच्या मदतीने दिले होते. फळा बघायला ज्यांना ज्यांना जोडलं त्या सगळ्यांना ते दिसत होते. हे कागद नव्या जागेत आपोआप जाऊ नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात लिहिलंय की आपली माहिती ज्या कामासाठी दिली त्याच कामाला वापरावी, आणि दिलेली संमती मागे घेण्याचा, माहिती पुसायला सांगण्याचा हक्क माणसाला आहे. कायदा नसता तरी, आपल्या गटातल्या बाईच्या अंगावरचे वळ कुणाच्या मोबाईलमध्ये राहावेत का, हे तिलाच विचारायला हवं.

माझी सूचना अशी. आधारचे फोटो पुसायचे. लागलाच तर मास्क केलेला आधार घ्यायचा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. दवाखान्याचे आणि तक्रारीचे कागद ज्या बाईचे तिला एकटीला भेटून विचारायचं: तुला परत देऊ, ठेवू, की पुसू? ती म्हणेल ते. ठेव म्हणाली तर ते वेगळ्या फोल्डरमध्ये, जिथे फक्त दोघी जाऊ शकतील. हे विचारायला मी किंवा गावातली सीआरपी ताई जाईल, व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीही हा विषय काढायचा नाही. आणि पुसलेली फाइल ड्राइव्हच्या कचरापेटीत ३० दिवस राहते हे लक्षात ठेवा. नव्या जागेत असा कागद चुकून चढलाच, तर कचरापेटीही रिकामी करायची.

मागच्या बाकावरून एक काकी म्हणाल्या, ‘पोरी, हे सगळं करण्यापेक्षा वही पेटीत आहे ते बरं.’ काकी, वही पेटीतच राहणार आहे. मूळ कागद तोच, सही त्याच्यावरच. लेखापरीक्षणाला वहीच लागते. मोबाईलमधली ती प्रत. पण वाळवी आणि पूर दोन्ही वहीला लागतात, प्रतीला लागत नाहीत. आणि काकींचा मुद्दा दुसऱ्या बाजूने खराही आहे: फोटो काढलाय म्हणून दोन गटांनी वहीत इतिवृत्त लिहिणंच सोडलंय, नुसत्या कागदावर लिहून फोटो टाकतात. ते बंद व्हायला पाहिजे. कोणते गट ते मी इथे सांगत नाही, त्या ताई मान खाली घालून हसतायत.

तर आता करायचं काय. आजच्या सभेत खातं काढण्याचा आणि तिघींकडे पासवर्ड देण्याचा ठराव सचिव ताई वाचतील, तो ऐका आणि पटत नसेल तर आत्ताच बोला. प्रत्येक ग्रामसंघाने दोन नावं द्या, एक मोबाईल चालवणारी आणि एक जुनी सदस्य जिला कागद ओळखता येतात. नुसती मोबाईलवाली चालणार नाही, तिला २०१८ चा ठराव कशाचा ते कळत नाही. या दोघींनी दर मंगळवारी अकरा वाजता संघाच्या ऑफिसात यायचं, आपल्या गावातल्या गटांच्या वह्या बरोबर आणायच्या. कार्डावरची फाइल आणि वहीतलं पान समोरासमोर धरून बघू. मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सगळ्या गावांची पाळी व्हायला हवी, म्हणजे चुकलं-राहिलं बघायला तीन आठवडे हातात राहतील. जाण्या-येण्याचं भाडं संघ देणार आहे, एसटीचं तिकीट जपून ठेवा. आणि त्या चकचकीत कागदाच्या पावत्या ज्यांच्याकडे असतील त्यांनी मंगळवारची वाट बघू नका, आज घरी गेल्यावरच त्या स्कॅन करा.